फेसाचा बाजार

फेस म्हणजे स्वच्छता नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. पूर आला की बंधाऱ्याखाली फेस होतो, धार काढताना चरवीत फेस होतो, कारखान्याच्या नाल्यात तर गुडघाभर फेस होतो. म्हणून त्या नाल्यात कुणी हात धुवायला जात नाही. पण आता शहरात फेसच बाटलीत भरून विकायला आलाय आणि त्यावर हिरव्या पानाचं चित्र काढून ‘नैसर्गिक’ असा शिक्का मारलाय. माझं भांडण फेसाशी नाही. रिठ्याशी तर नाहीच नाही. भांडण त्या शिक्क्याशी आहे.

मागच्या दिवाळीच्या आधी संभाजीनगरात एका प्रदर्शनात नातवाबरोबर गेलो होतो. एका दुकानात हात धुवायचा फेसाळ साबण मांडला होता. पाव लिटरची बाटली, साडेतीनशे रुपये. विकणारी पोरगी गोड बोलायची. म्हणाली, “काका, यात काहीच केमिकल नाही. रिठा आहे. आपल्या आजीच्या काळातलं.” मी म्हणालो, “बाई, माझी आजी साडेतीनशे रुपयांत वर्षाचं मीठ-मिरची आणून वर एक लुगडं घ्यायची.” पोरगी हसली. तिचा काही दोष नाही, तिला शिकवलं ते ती बोलली. पण तेवढ्या पैशात शहागंजातल्या काष्ठौषधीच्या दुकानात किलोभर रिठे मिळतात आणि वर चहाचे पैसे उरतात, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगायचं?

तर आजीच्या काळातलं काय होतं, ते ऐका. डोकं धुवायला शिकेकाई आणि रिठा. रेशमी लुगडं, लोकरीची शाल धुवायला रिठ्याचं पाणी. सोनार दागिने उजळायला रिठाच वापरायचा. कोरडवाहू रानात बांधाला हिंगणाचं काटेरी झाड असायचं, त्याच्या फळाचा गर चोळला की फेस यायचा, त्यावर बाया कपडे काढायच्या. भांड्याला राख. आणि हाताला? हाताला माती. शेतातून आलं की घडवंचीजवळ तांब्या, चिमूटभर माती, चोळले हात की बसले भाकरीला. रिठा हाताला वापरायची चैन आमच्याकडं नव्हती. तो सणावाराचा, डोक्याचा माल. म्हणून ‘आजी रिठ्यानं हात धुवायची’ ही गोष्ट निदान आमच्या वाडीपुरती तरी खोटी आहे.

आणि ती माती काही पवित्र नव्हती. १९७२ च्या दुष्काळात मी बारा-तेरा वर्षांचा होतो. आईबाप खडी फोडायला जायचे, पोरांना सुकडी मिळायची. पाणी टँकरचं, तेही घोटभर. ज्या मातीत गुरं बसली, माणसं बसली, त्याच मातीनं हात चोळून आम्ही सुकडी खाल्ली. त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर लेकरांना हगवण लागली की घरोघर लागायची. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी त्या वस्तीवर एक रात्र काढायला पाहिजे होती. मातीनं वंगण जातं, वास जातो. पण मातीत जे आहे ते हाताला लागतं, हेही खरं.

आता ‘केमिकल’ या शब्दाचं बघू. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. तेच फेस करतं, तेच तेलकटपणा उचलतं. ते केमिकल नाही तर काय आहे? झाडानं तयार केलं म्हणून ते लाडू होत नाही. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं की माणूस अर्धा तास डोळे चोळत बसतो. हेच सॅपोनिन डोहात कालवलं तर मासे तडफडून वर येतात. जुनी माणसं असल्या फळांनी मासे धरायची. कण्हेर नैसर्गिक, धोतरा नैसर्गिक, नाग तर शंभर टक्के नैसर्गिक. निसर्गाचं नाव घेतलं की वस्तू निरुपद्रवी झाली, असं शेतकरी कधी म्हणणार नाही. असं म्हणायला शेत लांब असावं लागतं.

तरीही रिठा मला आवडतो, आणि घरी करायचा असेल त्याला मी कृती फुकट सांगतो. पंधरा-वीस रिठे घ्या, फोडून आतली काळी बी काढा. नुसती टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळा. ऊतू जातं, म्हणून पातेलं मोठं घ्या. गार झालं की हातानं कुस्करा आणि दोनदा गाळा, दुसऱ्यांदा धोतराच्या जुन्या फडक्यातून. फेसाच्या बाटलीत भरायचं असेल तर ही दुसरी गाळणी चुकवू नका, नाहीतर पंपाची जाळी गच्च बसते. हे पाणी तीन-चार दिवस टिकतं, फ्रीजमध्ये आठवडाभर. आंबूस वास आला की झाडाला नाही, मोरीत ओता. रंग चहासारखा, वास थोडा उग्र. बाटलीतल्यासारखा गुलाबाचा वास त्याला येत नाही. ज्याला येतो, त्यात गुलाब वेगळा घातलेला असतो.

आता त्या फेसाच्या पंपाची गंमत. त्यात जादू काही नाही. दाबलं की पातळ साबण आणि हवा एका बारीक जाळीतून एकदम बाहेर येतात, म्हणून फेस होतो. जाड साबण त्यातून जातच नाही. म्हणून एक वाटी पातळ साबणाला चार वाट्या पाणी, असं मिश्रण त्यात चालतं. म्हणजे गिऱ्हाईक पैसे देतो ते बहुतेक पाण्याचे आणि हवेचे. आमच्याकडं दुधात पाणी घातलं तर डेअरीवाला फॅट लावून भाव पाडतो. इथं पाणी घातलं की भाव चढतो! घरात नेहमीचा पातळ साबण असेल तर रिकाम्या बाटलीत एकास चार पाणी घालून हलवा, तोच फेस येईल. साबण कमी लागतो, लेकरांना मजा वाटते, तीही आपणहून हात धुतात. एवढा फायदा खरा आहे आणि तो मी मान्य करतो.

एक धोक्याची गोष्ट मात्र ठासून सांगतो. मोबाइलवर बघून घरी ‘शुद्ध तेलाचा साबण’ करायचं वेड गावापर्यंत आलंय. तेलाचा साबण क्षाराशिवाय होत नाही. वडीला कास्टिक सोडा, पातळ साबणाला कास्टिक पोटॅश. ‘नैसर्गिक’ म्हणणारा हे नाव हळूच घेतो किंवा घेतच नाही. हा क्षार कातडी जाळतो, डोळा घालवतो. तो नेहमी पाण्यात टाकायचा, त्याच्यावर पाणी ओतायचं नाही. ओतलं तर उसळून अंगावर येतं. हातमोजे, चष्मा, काट्यावरचं चोख माप आणि घरात लेकरू नको. हे जमत नसेल तर दुकानातली दहा रुपयांची वडी आणा. त्यात कमीपणा नाही. आणि कास्टिकचं पाणी शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवायचं नाही, हे तर मी हात जोडून सांगतो. तहानलेलं लेकरू बाटली बघतं, चिठ्ठी वाचत नाही.

पण माझा खरा राग यापुढं आहे. साबणाची चर्चा सगळी शहरातल्या मऊ हातांची चाललीय. ज्या हातांना साबण सगळ्यांत जास्त लागतो, त्या हातांचं नाव कुणी घेत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारा मारताना विषबाधा झाली आणि वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. विष श्वासातून गेलं, कातडीतूनही गेलं. आमच्या पैठण, गंगापूरच्या रानात आजही तीच तऱ्हा आहे. मजूर काडीनं औषध ढवळतो, नाहीतर सरळ हातानं. पंपाचं नोझल तुंबलं की तोंडानं फुंकतो. त्याच हातानं तंबाखू मळतो, त्याच हातानं भाकरी मोडतो. डब्यावर लाल त्रिकोण असतो, बारीक अक्षरात साबण-पाण्यानं हात धुवा असंही लिहिलेलं असतं. पण बांधावर साबण कुठंय? औषधाला हजार-दोन हजार घालणारा मालक दहा रुपयांची वडी आणि कॅनभर पाणी बांधावर ठेवत नाही. मी हे मालक लोकांना तोंडावर बोललो तर म्हणाले, “दादा, त्यांना सवयच नाही.” अहो, वस्तूच नाही तर सवय कुठून लागणार?

कुणी म्हणेल, मग बांधावर रिठ्याचं पाणी ठेवा. ठेवा की, माती-तेलकटपणा निघेल. पण विषाच्या हाताला मी त्याची हमी देणार नाही. तिथं डब्यावर सांगितलंय तो साबणच पाहिजे आणि भरपूर पाणी पाहिजे. झाडपाल्याच्या प्रेमापायी मजुराच्या जिवाशी खेळायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

पाण्याचं तर बोलायलाच नको. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरनं डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून या शहरात आणलं. आज पैठणला एवढा नाथसागर भरलेला असतो, तरी शहरातल्या कितीतरी वस्त्यांत कित्येक दिवसांनी नळ येतो. २०२० साली कोरोनात सांगितलं, वीस सेकंद हात धुवा. सांगणं बरोबर होतं. साबण त्या विषाणूचं तेलकट कवच फोडतो, हे खरं होतं. पण ज्या बाईकडं दोन हंडे पाणी चार दिवसांसाठी आहे, तिनं वीस सेकंद कशाचे मोजायचे? फेसाची बाटली तिला स्वच्छ करणार नाही. तिला नळ पाहिजे.

हात धुण्याची ताकद जगाला दाखवली ती काही फेसानं नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या दवाखान्यात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं प्रेतं चिरून आलेल्या डॉक्टरांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचं मरण एकदम घटलं. फेस नाही, सुवास नाही, हिरवं पान नाही. उलट हातांची आग होत असेल. मोठमोठे डॉक्टर त्याच्यावर चिडले. पण बाळंतिणी जगल्या. वस्तू नैसर्गिक होती का, हा प्रश्न त्यांच्या लेकरांनी विचारला नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ज्याला रिठा आवडतो त्यानं रिठे विकत आणावेत, बाटली नाही. निदान जंगलातून वेचून आणणाऱ्या माणसाच्या हातात चार पैसे जास्त पडतील. ज्याला रान आहे त्यानं बांधाला एक रिठा लावावा. फळाला आठ-दहा वर्षं लागतात, मी खाणार नाही, नातू धुवील. फवारणीच्या दिवशी मालकानं पंपाच्या आधी साबण आणि पाणी बांधावर न्यावं, आणि मजुरानं ते नसेल तर पंप पाठीला लावू नये. शाळेच्या नळापाशी वडी सुतळीला बांधून ठेवावी; पोरं चोरतात म्हणून ओरडू नका, चोरून घरी नेली तरी हातच धुतले जातील. हे सगळं करून ज्याच्याकडं साडेतीनशे रुपये उरतील, त्यानं खुशाल फेसाची बाटली घ्यावी.