प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

गोदाकाठच्या सायखेड्याच्या बाजारात कांद्याची पारख केवळ वरच्या सालीवरून पूर्ण होत नाही. शंका आली की तो कापून आतले पापुद्रे पाहिले जातात. वृषणातील गाठीचा निवाडाही असाच, नुसत्या स्पर्शावरून होत नाही.

वृषणाच्या आत लागणारी टणक गाठ बहुधा कर्करोगाचीच निघते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे. तथापि काही गाठी निरुपद्रवी असतात. ‘एपिडरमॉइड सिस्ट’ ही त्यांपैकी एक. तिच्यात केराटिनचे थर साचतात आणि सोनोग्राफीत ते कांद्याच्या चकतीप्रमाणे एकात एक वर्तुळे होऊन दिसतात. वैद्यकशास्त्रानेही या चित्राला कांद्याचीच उपमा दिली आहे. संप्रेरके निर्माण करणाऱ्या लेडिग पेशींच्या गाठीही बहुतांशी सौम्य असतात. वृषणामागच्या नलिकेत क्षयरोगाने आलेली सूज तर औषधांनी बरी होते, पण प्रथमदर्शनी ती कर्करोगाचा भास निर्माण करते.

रक्तातील एएफपी, बीटा एचसीजी व एलडीएच यांची तपासणी आवश्यक असते. मात्र ती सामान्य आली म्हणजे कर्करोग नाही, असा अर्थ होत नाही. अंडकोशातून सुई घालून नमुना घेणेही टाळले जाते, कारण रोग पसरण्याची भीती असते. गाठ लहान असून सौम्य असण्याची शक्यता दिसल्यास शल्यविशारद जांघेतून छेद घेतात, केवळ गाठ काढतात आणि शस्त्रक्रिया चालू असतानाच तिची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करवून घेतात. अहवाल सौम्य आला तर वृषण वाचते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच ‘केवळ गाठ काढणे शक्य आहे काय?’ हा प्रश्न विचारावा.

हा कर्करोग प्रामुख्याने 15 ते 40 या वयात आढळतो. हेच सोयरिकीचे आणि पेढी सांभाळू लागण्याचे वय. त्यामुळे तरुण संकोचाने गप्प राहतो आणि घरची मंडळी चर्चेच्या भीतीने. वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात, आणि दुसरे वृषण निरोगी असल्यास सहसा संततीही होते. एकाएकी तीव्र वेदना उठल्यास मात्र वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा सहा तासांच्या आत उपचार हवेत.

हिशेबातील संशयास्पद नोंद कोणताही व्यापारी वर्षअखेरीपर्यंत ठेवत नाही. देहाच्या खात्यातील नोंदीलाही तोच नियम लागू पडतो. वडिलांनी मुलाशी एकदा मोकळेपणाने बोलावे. ती पाच मिनिटे त्याचे आयुष्य वाचवू शकतात.