गाडी दोन इंच उंच झाली, मग टायर एकाच बाजूने का झिजतात?

इन्स्टाग्रामवर 'लिफ्ट किट' शोधलं की थार, जिम्नी, हायलक्स, व्ही-क्रॉस यांच्या रील्स ओळीने येतात. आधीची गाडी, नंतरची गाडी, मागे दणकेबाज गाणं. रीलमध्ये न दिसणारी गोष्ट म्हणजे काही हजार किलोमीटरनंतरचा पुढचा टायर. बाहेरून पाहिला तर नवाकोरा, आतल्या कडेने गुळगुळीत.

कमेंट्समध्ये वाद रंगतो तो एकाच मुद्द्यावर: पोलीस पकडतील का? तो प्रश्न आहेच. पण चाकांचं गणित त्याच्या आधी येतं.

उचलल्यावर नेमकं काय बदलतं?

चाक सरळ उभं दिसलं तरी ते ठरावीक कोनांत बसवलेलं असतं. समोरून पाहिल्यावर चाकाचा माथा आत किंवा बाहेर किती कललाय, तो कॅम्बर. वरून पाहिल्यावर दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे वळली आहेत की बाहेर, तो टो. आणि चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष मागे किती झुकलाय, तो कॅस्टर. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं, त्यामागे मुख्यतः कॅस्टर असतो.

कंपनी हे कोन गाडीच्या एका विशिष्ट उंचीसाठी ठरवते. उंची बदलली की कोनही सरकतात.

थार, हायलक्स आणि व्ही-क्रॉसमध्ये पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक पुढचं चाक वर-खाली अशा दोन आर्मवर स्वतंत्रपणे धरलेलं असतं. स्वस्तातली लिफ्ट म्हणजे स्प्रिंगच्या वर एक स्पेसर. इथे अनेकजण फसतात. स्प्रिंग आर्मच्या मधोमध कुठेतरी टेकलेली असते, त्यामुळे स्पेसर एक इंचाचा असला तरी गाडी चाकापाशी त्याहून बरीच जास्त उचलली जाते. आर्म खाली झुकतात, स्टिअरिंगचा टाय रॉडही तिरका होतो आणि टो हलतो.

टायर सर्वात वेगाने खातो तो हाच टो. एका चाकाची दिशा फक्त एक अंशाने चुकलेली असली, तर ते चाक दर किलोमीटरला साधारण १७ मीटर आडवं घासत जातं. हजार किलोमीटरमध्ये हे घासणं १७ किलोमीटरवर पोहोचतं. डांबरी रस्ता म्हणजे पॉलिश पेपरच, मग रबराचं काय होणार!

जिम्नीचं दुखणं वेगळं. तिला पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आहे, त्यामुळे लिफ्टने कॅम्बर फारसा बदलत नाही. मात्र पुढचा अ‍ॅक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. अ‍ॅक्सलला आडवा धरणारा रॉड तिरका झाल्याने अख्खा अ‍ॅक्सलच थोडा एका बाजूला सरकतो. टायर लगेच झिजत नाही, पण हायवेवर स्टिअरिंग सैल वाटू लागतं, गाडी तरंगल्यासारखी चालते.

अलाइनमेंट करून घेतलं की झालं?

बऱ्याचदा नाही. अनेक दुकानांत अलाइनमेंट म्हणजे टो जुळवणं, एवढंच. कॅम्बर आणि कॅस्टर जुळवायला जे बोल्ट असतात त्यांनाही मर्यादा असते. लिफ्टनंतर ती संपली की मशीनच्या कागदावर आकडा लालच राहतो. मग वेगळा वरचा आर्म किंवा कॅस्टर सुधारणारे बुश लावावे लागतात. 'किट आणि फिटिंग'च्या दरात हा खर्च सहसा धरलेला नसतो. नव्या स्प्रिंग काही शे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, त्यामुळे अलाइनमेंट पुन्हा तपासावं लागतं, तेही बहुतेकजण विसरतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, गाडीच्या नोंदणीतला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेले सुटे भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

रस्त्यावरच्या तपासणीत उंची आणि बाहेर आलेले टायर नजरेला पडतात. अर्ध्या अंशाने चुकलेला टो कुणाच्याच नजरेला पडत नाही, आणि पावसात ब्रेक दाबल्यावर मात्र तोच आडवा येतो. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ झाल्या की टायर बदलायलाच हवा. पण आतली कड तिथे पोहोचते तेव्हा बाहेरच्या कडेला अजून भरपूर खाचा दिसत असतात.

सर्वात जास्त गोत्यात येतो तो सेकंड हँड गाडी घेणारा. विकण्याआधी किट काढून टाकलं जातं आणि कागदावर काहीच उरत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून तळहात फिरवला, तर थोडा अंदाज येतो. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो चुकलेला आहे. फक्त एकच कड झिजलेली असेल तर कॅम्बरवर संशय घ्यावा. आणि चारही टायर कोरे करकरीत असतील, तर जुने कुठे गेले हे आधी विचारावं.