ओळखीचं नाव, अनोळखी पत्र

देवळाली कॅम्पातल्या बायकांना पत्र ओळखायला कुणी शिकवावं लागलं नाही. तोफखान्यातला नवरा सीमेवर गेला की त्याच्या पत्त्यात गावाचं नाव नसायचं, नुसतं ‘५६ ए.पी.ओ.’. पण पाकिटावरचं अक्षर बघूनच कळायचं, पत्र कुणाचं ते. ईमेलला अक्षरच नसतं. सगळी गोम तिथेच आहे.

मेलवर पाठवणाऱ्याचं म्हणून जे नाव दिसतं, ते पाठवणाऱ्यानेच टाकलेलं असतं. तो तिथे बँकेचं नाव टाकेल, आयकर खात्याचं टाकेल, नाहीतर तुमच्या नणंदेचं. ‘अनोळखी मेल उघडू नका’ हा सल्ला आपण सगळ्यांनीच ऐकलाय. मला विचाराल तर तो अर्धवट आहे. घात होतो तो ओळखीच्या नावाने.

४ मे २००० ला जगभर हेच झालं. ‘आय लव्ह यू’ असा विषय आणि सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल. नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’ दिसायचं, म्हणजे साधा मजकूर. खरं शेपूट त्याच्याही पुढे होतं, ‘व्हीबीएस’, म्हणजे चालू होणारा प्रोग्राम. विंडोज ते शेपूट लपवून ठेवायची! फाइल उघडली की व्हायरस आउटलुकमधल्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना तुमच्याच नावाने तीच मेल धाडायचा आणि कॉम्प्युटरवरचे फोटो खराब करायचा. साहेबांकडून किंवा शेजारच्या वहिनींकडून प्रेमपत्र आलं म्हटल्यावर न उघडता कोण राहील? हा उद्योग फिलिपिन्समधल्या एका विद्यार्थ्याचा. तिथे तेव्हा त्यासाठी कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला.

आता प्रेमपत्राच्या जागी लग्नपत्रिका आली आहे, आणि मेलऐवजी बऱ्याचदा व्हॉट्सअ‍ॅपवर. फाइलच्या शेवटी ‘एपीके’ असतं. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते, एपीके म्हणजे अ‍ॅप. ते फोनमध्ये बसवलं आणि मागेल ती परवानगी दिली, की बँकेचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जाऊ शकतात. म्हणून आधी शेपूट बघा. मेलमध्ये नावावर बोट ठेवलं की खरा पत्ता दिसतो, तोही वाचा. वर नाव बँकेचं आणि खाली पत्ता भलताच, असं दिसलं तर पुढे जायचं कारणच नाही. पत्ता बरोबर असला तरी मजकूर विचित्र वाटला, तर सरळ फोन करा. ‘अगं, तू काही पाठवलंयस का?’ एवढंच विचारायचं. खाते आजच बंद होईल अशी घाई मेलमध्ये असेल, तर बँकेचा नंबर पासबुकावरचा घ्या, मेलमधला नको.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. ‘तुला काय कळतं त्यातलं, हात लावू नकोस’ असं ज्या घरात बाईला ऐकवतात, तिथे तिच्याकडून चुकून क्लिक झालं तर ती बोलत नाही. दोन दिवस गप्प राहते, आणि तेवढ्यात खातं साफ होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर शिरलं आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. पगारी तंत्रज्ञ ठेवणाऱ्या बँकेचं असं होतं, मग घरातल्या बाईनेच लाजेने का मरावं? ज्यांनी ओरडायचं त्यांना ओरडू दे, तोवर आपण फोन लावलेला असावा.

कारण वेळेला इथे रोख किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं, की खातेदाराच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचं. कळवण्याआधीचं आपलं. म्हणजे गप्प बसण्याच्या प्रत्येक तासाचे पैसे आपल्याच खिशातून जातात. आधी फोनचं इंटरनेट बंद करा, मग बँकेला कळवा, मग १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर लावा. आणि पासवर्ड बदलायचा तो दुसऱ्या फोनवरून; बिघडलेल्या फोनवर टाकलेला नवा पासवर्डही चोराच्याच हाती पडायचा.