बाळंतिणीचे डोके दुखते तेव्हा

बाई सुखरूप मोकळी झाली, बाळ रडले, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. परंतु पुढचे काही आठवडे तितकेसे निर्धोक नसतात. या काळात एकाएकी उठून क्षणार्धात असह्य होणारी डोकेदुखी ही मेंदूतील रक्तवाहिन्या आकसल्याची खूण असू शकते. त्यातून झटके येतात, क्वचित पक्षाघातही होतो. आणि कधीकधी त्याला निमित्त औषधाचेच असते.

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आवरण्यासाठी टोचले जाणारे मेथिल-अर्गोमेट्रीन हे अशांपैकी एक. राय या धान्यावरील बुरशीतून निघालेल्या अर्गटच्या कुळातले हे औषध गर्भाशय आवळते, तसेच रक्तवाहिन्याही. त्याने असंख्य बायकांचे प्राण वाचविले आहेत; त्याला खलनायक ठरविणे शहाणपणाचे नव्हे. मात्र रक्तदाब चढलेल्या बाईला ते देऊ नये, हा नियम जुनाच आहे. दूध आटविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ब्रोमोक्रिप्टीनचा तो उपयोग तर पक्षाघाताच्या तक्रारींनंतर अमेरिकेत १९९४-९५ मध्ये बंद झाला. मूल गमावलेल्या मातेच्याच हाती ही गोळी पडावी, हे दुर्दैवच!

पक्षाघात हा शहरी सुखवस्तूंचा रोग, हा समज गडचिरोलीने केव्हाच खोटा पाडला आहे. ‘सर्च’ संस्थेने जिल्ह्यातील ८६ गावांत केलेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झालेले आढळले. मृत्यूचे ते पहिले कारण ठरले. त्यात बाळंतिणी थोड्याच असणार. परंतु पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट तुटते, तेव्हा थोड्यांचाही प्रश्न थोडा राहत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. ऑक्सिटोसिनला जागतिक आरोग्य संघटनेची पहिली पसंती आहे. ते थंड ठेवावे लागते ही सबब चालणार नाही. अर्गटचे इंजेक्शनही उन्हाळ्यात तसेच निकामी होते. जेथे शीतपेटीचा भरवसा नाही, तेथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आहेत. अर्गट द्यायचेच झाले, तर आधी रक्तदाब मोजलाच पाहिजे.

नवजात बाळाला घरी जाऊन तपासण्याची पद्धत गडचिरोलीतच रुजली आणि पुढे देशभर गेली. आशा कार्यकर्ती आज त्या भेटींत बाळाचे वजन घेते, ताप पाहते. त्याच भेटीत मातेचा रक्तदाब मोजावा, डोकेदुखी विचारावी, आणि टोचलेल्या औषधाचे नाव दवाखान्याच्या चिठ्ठीवर स्पष्ट असावे. अन्यथा बाहेरची बाधा म्हणून बाई पुजाऱ्याकडे जाईल. किंवा अर्धशिशी समजून कोणी तिला पुन्हा अर्गटचीच गोळी देईल.