सुरतहून आलेला फोन

रात्री साडेअकराला सुरतहून वहिनींचा फोन आला. माझा मावसभाऊ मूळचा इचलकरंजीचा. यंत्रमागाच्या कामासाठी सुरतेला गेला तो उधन्यातच स्थायिक झाला. त्या संध्याकाळी जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागात कळ उठली ती थेट पाठीत गेली. उलट्या थांबेनात. आपल्याकडे कुणी ‘होट्टी ब्यानी’ म्हणून ओवा दिला असता. तिथं ॲसिडिटीची गोळी दिली. शेवटी दवाखाना गाठला. निदान झालं, स्वादुपिंडाला सूज. कन्नडमध्ये ज्याला ‘मेदोजीरक ग्रंथी’ म्हणतात, तेच हे.

“भावजी, लायपेज दोन हजारावर गेलंय. आता हो काय?”

वाचकहो, ही भीती मी अनेक घरांत पाहिली आहे. ॲमिलेज आणि लायपेज रक्तात नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीवर गेले की निदानाला आधार मिळतो. पण आकडा मोठा म्हणून आजार मोठा, असं नसतं. न्यूयॉर्कचे शल्यविशारद जॉन रॅन्सन यांनी १९७४ साली गंभीरपणा ओळखण्यासाठी ११ खुणा मांडल्या. त्यांत ॲमिलेज नाहीच! आणि त्यांतल्या ६ खुणा पहिल्या ४८ तासांत पाहायच्या असतात.

“सीआरपी किती?” मी विचारलं.

“बारा.”

“मग निवांत झोपा,” मी बोलून गेलो.

इथं माझं चुकलं. सीआरपी यकृतात तयार होतं आणि सूज सुरू झाल्यावर ते चढायला वेळ लागतो. पहिल्या रात्रीच्या कमी आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. ४८ तासांच्या सुमारास ते लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर सावध व्हायचं. काही लॅब डेसिलिटरचा हिशेब लिहितात. तिथं हेच १५ होतं. म्हणून आकड्याशेजारचं माप आधी वाचावं.

दुसऱ्या दिवशी इंजेक्शनांनी कळ कमी झाली. वहिनींचे भाऊ म्हणू लागले, “उगाच बिल वाढवतात, घरी नेऊ या.” मी सगळे रिपोर्ट फोनवर वाचून घेतले. युरिया वाढत होता. हिमॅटोक्रिट ४६ होतं, सलाइन देऊनही उतरलं नव्हतं. म्हणजे रक्तातलं पाणी सुजेकडे झिरपत होतं आणि रक्त दाट झालं होतं.

“वहिनी, काल मी चुकीचं सांगितलं. त्याला हलवू नका.”

तिसऱ्या दिवशी सीआरपी १९० झालं, लघवी कमी झाली, धाप लागली. तो दवाखान्यात होता म्हणून अतिदक्षता विभागात लगेच नेता आलं. पाच दिवसांनी बाहेर आला.

दहांतले सुमारे आठ रुग्ण सौम्य आजारातून बरे होतात. रक्ताचे आकडे उरलेल्यांची चाहूल देतात, भविष्य सांगत नाहीत. श्वास, रक्तदाब, लघवी यांवर लक्ष हवंच. ४८ तासांहून अधिक काळ एखादा अवयव नीट काम करीनासा झाला, तरच आजार गंभीर गणायचा, असं २०१२ साली सुधारलेलं अटलांटा वर्गीकरण सांगतं.

आणखी एक. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली होती, “दारूबंदीच्या गुजरातेत राहून घेत असणार.” वहिनींना आजारापेक्षा हेच जास्त लागलं. सोनोग्राफीत निघाले पित्ताशयातले खडे! दारूइतकंच हेही या आजाराचं मोठं कारण आहे. सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी पित्ताशय काढलं.

आता असा फोन आला की मी आधी विचारतो, “दुखणं सुरू होऊन किती तास झाले?” आकडा त्यानंतर.