सृष्टिकौतुक : एका नांवाचे दोन मासे, दोन नांवांचा एक

लक्षद्वीपाची सफर करून आलेल्या एका वाचकभगिनींनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, प्रवाळखडकाच्या कपारींत भरदिवसां निवांत पहुडलेला, तांबूस तपकिरी रंगाचा, सात-आठ फूट लांबीचा एक मासा त्यांनीं पाहिला. नावाड्यानें तो 'नर्स शार्क' असल्याचें सांगितलें. घरीं येऊन त्यांनीं दोन पुस्तकें चाळलीं, तों एकांत त्याचें शास्त्रीय नांव एक आणि दुसऱ्या, जुन्या पुस्तकांत भलतेंच! "शास्त्रज्ञांचेंच एकमत नाहीं, तर आम्हीं काय समजावें?" असें त्या विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर वाटतें त्याहून मनोरंजक आहे.

शार्क म्हणजे आपल्या कोंकणांतील मुशी किंवा मोरी. (मालवणाकडील आमच्या वाचकांस मोरीची ओळख बहुधा ताटांतली असेल, तो विषय येथें नको.) 'नर्स' या शब्दावरून मात्र कोणी वात्सल्याची कल्पना करूं नये. मोठ्या माशांस लावल्या जाणाऱ्या एका जुन्या इंग्रजी शब्दाचा अपभ्रंश होऊन हें नांव पडलें असावें, असें मानतात. पिलें जन्मलीं कीं माता त्यांच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. आमच्या भगिनींनीं पाहिलेल्या जातींत तर पिलें मातेच्या उदरांत असतांनाच, तिनें सोडलेलीं अंडीं खाऊन वाढतात!

आतां नांवांचा घोळ. लेसों या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानें न्यू गिनीकडील एका माशावरून या जातीचें वर्णन केलें. तें १८३१ सालीं प्रसिद्ध झालें. लोखंडाच्या गंजासारख्या रंगावरून त्यानें तिला 'फेरुजिनियम' म्हटलें. पुढें १८३७ सालीं रुपेल या जर्मन प्रवाशानें तांबड्या समुद्रांतील माशाचें वर्णन 'नेब्रियस कॉन्कलर' या नांवानें दिलें. दांतांची ठेवण निराळी दिसली म्हणून या दोन जाती पुष्कळ काळ वेगळ्या धरल्या गेल्या. कित्येकांनीं तर त्या दोन निरनिराळ्या प्रजातींत घातल्या. शेवटीं १९८४ सालीं लिओनार्ड कॉम्पॅग्नो यांनीं उलगडा केला कीं, दांतांतील हा भेद जातीचा नसून वयाचा आहे. मासा वाढतो तसे त्याचे दांत बदलतात. दुधाचे दांत आणि अक्कलदाढा पाहून एकाच घरांत दोन कुळें आहेत असें ठरवावें, त्यांतलाच हा प्रकार! त्या वेळेपासून 'नेब्रियस फेरुजिनियस' या एकाच नांवाखालीं तांबड्या समुद्रापासून आफ्रिकेचा पूर्व किनारा, मालदीव, लक्षद्वीप, अंदमान, जपानचीं दक्षिणेकडील बेटें, उत्तर ऑस्ट्रेलिया व थेट ताहितीपर्यंतचा हा सारा पसारा आला.

परंतु जगाच्या दुसऱ्या बाजूस नेमका उलटा प्रकार घडला. अमेरिकेकडील नर्स शार्क हा याच कुळांतला, पण निराळ्या प्रजातीचा. बोनातेर यानें १७८८ सालीं त्याचें वर्णन केलें. नाकपुड्यांशीं असलेल्या मिशांवरून त्यास 'सिरॅटम' हें नांव पडलें, आणि आज त्याचें पूर्ण नांव 'जिंग्लिमोस्टोमा सिरॅटम' असें आहे. फ्लॉरिडा, बहामा बेटें व ब्राझील येथें तो आढळतो. अटलांटिक ओलांडून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यासहि आढळतो. मेक्सिको व मध्य अमेरिका यांच्या पश्चिमेस, म्हणजे पॅसिफिक महासागरांत, तशाच दिसणाऱ्या माशासहि दीर्घ काळ हेंच नांव चालत आलें.

नकाशा उघडून पाहावा. या दोन समुद्रांमध्यें पनामाची चिंचोळी भूमि आहे. तेथील कालव्याची लांबी अवघी ५० मैल. ही भूमि सुमारे ३० लक्ष वर्षांपूर्वीं पूर्णपणें वर आली व दोन्ही पाण्यांची ताटातूट झाली. नर्स शार्क तळाशीं राहणारा, खडकांच्या आश्रयाचा मासा. खंडास वळसा घालून थंड पाण्यांतून तो पलीकडे थोडाच जाणार! तेव्हां इतक्या काळांत दोन्हीकडील भाऊबंद वेगळे झाले असतील ही शंका रास्तच होती. २०१५ सालीं मेक्सिको व कोस्टा रिका येथील संशोधकांनीं शरीराचीं मापें ताडून पॅसिफिकमधील मासा ही स्वतंत्र जात ठरविली, आणि मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाच्या आद्याक्षरांवरून तिला 'उनामी' हें नांव दिलें. आफ्रिकेकडील मासा मात्र अजून जुन्याच नांवावर आहे; तें नांव कायम टिकेल, अशी पैज लावण्यास आम्ही तयार नाहीं.

नांवें बदलून माशाचें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. बिघडतें बरेंच. दोन्ही समुद्रांतील मासे एका जातीचे धरले म्हणजे बहामाकडील समृद्धीनें पॅसिफिककडील दारिद्र्य झांकलें जातें. जात स्वतंत्र ठरल्यावर तिची मोजदादहि स्वतंत्र झाली, आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादींत 'सिरॅटम' हा 'असुरक्षित' वर्गांत, तर 'उनामी' त्याहून गंभीर अशा 'संकटग्रस्त' वर्गांत गेला. एका खातेवहींत दोघांचा जमाखर्च लिहिला असतां धाकट्याचें दिवाळें कोणास कळावें?

आमच्या भगिनींनीं आपल्या टिपणवहींत 'नेब्रियस फेरुजिनियस' हेंच लिहावें. जुन्या पुस्तकांतील मासाहि तोच आहे. मात्र नांवाखालीं बेट, महिना, पाण्याची अदमासें खोली आणि माशाची लांबी हीं आठवतील तशीं अवश्य टिपून ठेवावीं. उद्यां कोणी पुन्हां नांव बदललें, तरी हा मासा कोणता तें त्या टिपणावरून ठरवितां येईल.