पत्ता, उपजाळे आणि वाटणीचे गणित

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला आपल्या लोखंडी पेटीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेले दोन आकडे आठवत असतील. पहिला आकडा खोलीचा आणि दुसरा खाटेचा. घरून पत्र आले की ते वाटणारा मुलगा आधी खोली पाही, मग खाट. साऱ्या वसतिगृहाची नावे त्याला पाठ असण्याची गरज नसे. खोली सापडली की पुढचे काम त्या खोलीतच उरकत असे.

संगणकांची नेटवर्के उभारणे व सांभाळणे हा गेली अनेक वर्षे माझा व्यवसाय आहे. या व्यवसायात पाऊल ठेवले तेव्हा आयपी पत्ता ही वस्तू मला समजली ती त्या पेटीवरील आकड्यांमुळे. जगभरच्या इंटरनेटचा व्यवहार याच युक्तीवर चालतो. पत्त्याचा पहिला भाग नेटवर्क सांगतो, उरलेला भाग त्या नेटवर्कमधील यंत्र सांगतो. मार्ग दाखविणारा राउटर बहुधा पहिल्या भागाकडेच पाहतो.

शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : आपल्या शाळेतील नववीपासूनच्या मुलामुलींना पत्त्यांच्या वाटणीचे हे गणित पाठ करून नव्हे, समजून शिकविले गेले पाहिजे. त्यासाठी लागणारे गणित त्यांच्याजवळ आधीच आहे. दोनाचे घात आणि वजाबाकी यांपलीकडे त्यात काही नाही. तरीही हा विषय अवघड समजला जातो आणि त्याची किंमत आपली मुले पुढे नोकरीत मोजतात.

प्रथम विषय पाहू. आज सर्वाधिक परिचित असलेला आयपी पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे शून्य आणि एक यांच्या ३२ जागा. आपल्या सोयीसाठी तो चार आकड्यांत लिहितात, उदाहरणार्थ, १९२.१६८.२०.७०. प्रत्येक आकडा ८ बिटांचा, म्हणून ० ते २५५ यांच्या दरम्यानचा. परंतु या ३२ बिटांपैकी किती बिटे ‘खोली’ची आणि किती ‘खाटे’ची, हे नुसत्या पत्त्यावरून कळत नाही. ते सांगणाऱ्या दुसऱ्या संख्येला मास्क म्हणतात. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पहिली २४ बिटे नेटवर्कची व शेवटची ८ बिटे यंत्राची. हेच थोडक्यात /२४ असे लिहितात. अशा नेटवर्कमध्ये २५६ पत्ते असतात. त्यांतील पहिला पत्ता नेटवर्कची स्वतःची ओळख म्हणून राखलेला आणि शेवटचा सर्वांना एकाच वेळी हाक मारण्यासाठी. म्हणून यंत्रांना २५४ उरतात.

आता एखाद्या शाळेचे कार्यालय, संगणक कक्ष, ग्रंथालय आणि पाहुण्यांचे वायफाय असे चार विभाग आहेत असे समजा. सर्वांना एकाच खोलीत कोंबले तर एकाने मारलेली हाक सगळ्यांना ऐकावी लागते, एका ठिकाणचा बिघाड सर्वत्र पसरतो आणि कार्यालयातील हिशेब व गुणपत्रके पाहुण्याच्या मोबाइलच्या शेजारी येऊन बसतात. म्हणून यंत्राच्या ८ बिटांपैकी २ बिटे नेटवर्ककडे उसनी घ्यावयाची. मास्क आता /२६ झाला, म्हणजे २५५.२५५.२५५.१९२. दोन बिटांचे चार प्रकार होतात, म्हणून चार उपजाळी मिळाली : ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१ आणि १९२ ते २५५. प्रत्येकात ६४ पत्ते, त्यांतील वापरण्याजोगे ६२. यालाच सबनेटिंग म्हणतात. अर्थात नुसत्या भिंती उभारल्याने संरक्षण होत नाही. कोणत्या दारातून कोणी जावे याचे नियम राउटरवर किंवा फायरवॉलवर लिहावे लागतात. पण भिंतच नसेल तर दार कोठे बसविणार?

हे समजणे आणि न समजणे यांत काय अंतर पडते, याचा एक अनुभव सांगतो. एका शिक्षणसंस्थेत मला बोलावणे आले. तेथील संगणक कक्षात तीन नवे संगणक बसविले होते. त्यांवर इंटरनेट उत्तम चाले, कक्षातील इतर संगणकही दिसत; परंतु कार्यालयाच्या बाजूला असलेला परीक्षेचा सर्व्हर काही केल्या उघडेना. तीन दिवस खटपट चालली होती. केबल बदलून झाली, स्विच बदलून झाला, व्हायरसच्या संशयाने सगळी प्रणाली पुन्हा टाकून झाली. परीक्षा चौथ्या दिवशी होती.

मी पत्ते पाहिले. संगणकाचा पत्ता ७० ने संपणारा आणि सर्व्हरचा २० ने. नेटवर्क /२६ चे होते, म्हणजे ७० हा दुसऱ्या उपजाळ्यात आणि २० हा पहिल्यात. पण त्या तीन संगणकांवर मास्क भरला होता २५५.२५५.२५५.०. त्यामुळे त्यांची समजूत अशी झाली की, सर्व्हर आपल्याच खोलीत आहे. आपल्या खोलीतला माणूस म्हटल्यावर पत्र राउटरच्या हाती देण्याचे कारण नाही. ते खोलीतल्या खोलीत हाका मारीत राहिले आणि भिंतीपलीकडच्या सर्व्हरला ती हाक ऐकू जाणे शक्य नव्हते. इंटरनेटवरील पत्ते मात्र उघडच परके दिसत, म्हणून तेथली पत्रे राउटरकडे नीट जात. शेवटच्या आकड्याच्या जागी १९२ लिहिले आणि तिन्ही संगणक मार्गी लागले.

ज्या तरुणाने ते संगणक बसविले होते तो कष्टाळू होता. त्याच्याजवळ पदविका होती. मास्कचा तक्ता त्याला तोंडपाठ होता; १२८, १९२, २२४, २४० असे आकडे त्याने मला घडाघडा म्हणून दाखविले. परंतु त्या आकड्याने संगणक काय ठरवितो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मी कागदावर ७० ही संख्या ०१०००११० अशी लिहिली, तिच्याखाली १९२ ही ११०००००० अशी लिहिली आणि जेथे दोन्हींकडे एक आहे तेथेच एक ठेवावयास सांगितले. उत्तर आले ०१००००००, म्हणजे ६४. हाच त्याच्या खोलीचा क्रमांक. नंतर हेच २० साठी करून पाहिले. उत्तर आले शून्य. त्याच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य मी विसरलो नाही. दहा मिनिटांचे ते काम त्याच्या शिक्षणाच्या तीन वर्षांत राहून गेले होते.

आपली अनेक मुले या क्षेत्रात येतात ती कंत्राटदाराच्या हाताखाली केबल ओढण्यापासून, शिडीवर चढून वायफायचे डबे बसविण्यापासून. त्या कामात कमीपणा मुळीच नाही; मीही सुरुवात तेथूनच केली. पण पंधरा वर्षांनीही शिडीवरच राहणे आणि नेटवर्कचा आराखडा काढणाऱ्यांच्या मेजापाशी बसणे यांच्यामध्ये जी पायरी आहे ती बहुधा याच गणिताची आहे. ती पायरी इंग्रजीच्या धाकाने अडलेली असते. म्हणूनच ती मराठीत, शाळेत असतानाच ओलांडता आली पाहिजे.

दुसरे कारण अधिक व्यापक आहे. पत्ते ही मोजकी साधनसंपत्ती आहे आणि तिच्या वाटपाचा इतिहास प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावा असा आहे. ३२ बिटांच्या पत्त्याचा नियम सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. आज जगाची लोकसंख्या आठशे कोटींवर आहे. पण त्या काळी हा एक प्रयोग होता आणि एवढे पत्ते कधी संपतील असे त्या मंडळींना वाटले नाही. त्यांनी वाटपासाठी ठरावीक मापाचे वर्ग पाडले. ‘ए’ वर्गाच्या नेटवर्कला १,६७,७७,२१६ पत्ते, ‘बी’ वर्गाला ६५,५३६ आणि ‘सी’ वर्गाला अवघे २५६. साऱ्या पत्त्यांचा अर्धा भाग एकट्या ‘ए’ वर्गासाठी होता. अमेरिकेतील एमआयटी या एका विद्यापीठाकडे असा संपूर्ण ‘ए’ गट होता. त्यातील काही भाग विकण्याचा निर्णय त्याने २०१७ मध्ये जाहीर केला. ज्या संस्थेला तीनशे पत्ते हवेत तिला ‘सी’ पुरत नसे, आणि ‘बी’ घेतला तर पासष्ट हजारांहून अधिक पत्ते पडून राहत.

यात कोणाची दुष्टबुद्धी होती असे मी म्हणणार नाही. परंतु गरज न मोजता आधीच ठरलेल्या कप्प्यांत माणसांना आणि संस्थांना बसविले की काय होते, याचे हे स्वच्छ उदाहरण आहे. सुधारणा दोन टप्प्यांत झाली. १९८५ मध्ये सबनेटिंगची रीत प्रमाण झाली, तिने संस्थेच्या आत वाटणी करणे शक्य केले. मग १९९३ मध्ये वर्गच रद्द करण्यात आले. मास्क कोठेही ठेवता येईल आणि ज्याची जेवढी गरज तेवढाच तुकडा देता येईल, असा नियम झाला. या पद्धतीच्या इंग्रजी नावातला पहिला शब्दच ‘वर्गरहित’ असा आहे. आपण आज जे /२४ किंवा /२६ लिहितो ते त्या सुधारणेचे चिन्ह आहे.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोवर अनेक मोठे गट वाटून झाले होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे पाच मोठे गट पाच खंडीय संस्थांना देण्यात आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभाग आपल्या अखेरच्या गटावर आला आणि त्यातून एका सदस्याला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते देण्याचा नियम लागू झाला. उशिरा आलेल्यांच्या वाट्याला उरलेसुरले आले.

मग आपले कोट्यवधी मोबाइल चालतात कसे? अनेक यंत्रांनी एकच बाहेरचा पत्ता वाटून घेण्याच्या युक्तीवर. १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारे पत्ते आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ते घरोघरी तेच तेच असतात आणि बाहेर पडताना राउटर ते बदलतो. युक्ती उपयुक्त आहे, पण तिची एक मर्यादा आपण ओळखली पाहिजे. अशा पत्त्यामागून बाहेरचे वाचता, पाहता येते. पण बाहेरच्याने आपल्याकडे थेट येणे कठीण होते. शाळेने आपल्या ग्रंथालयातील जुन्या अंकांच्या प्रती स्वतःच्याच संगणकावर ठेवून जगाला खुल्या करावयाच्या म्हटल्या, तर सेवा देणाऱ्या कंपनीकडून स्वतंत्र पत्ता मागावा लागतो, बहुधा जादा पैसे मोजून. केवळ ग्राहक होणे सोपे आणि स्वतः काही देणे महाग, अशी ही रचना आहे.

यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे १२८ बिटांचा नवा पत्ता, आयपी आवृत्ती सहा. त्याचा पहिला आराखडा १९९५ सालचा आहे. त्यात एखाद्या संस्थेला /४८ चा एक तुकडा मिळाला तरी तिला ६५,५३६ उपजाळी करता येतात. या बाबतीत भारत मागे नाही; २०१६ नंतर मोबाइल सेवांमुळे त्याचा वापर इतका वाढला की, आज जगातील आघाडीच्या देशांत आपली गणना होते. परंतु शाळा व लहान संस्थांची अंतर्गत नेटवर्के अद्याप जुन्याच पत्त्यांवर आहेत, कारण तेथे हा प्रश्न विचारणारा कोणी नसतो.

काही पालक म्हणतील, मुलांनी दहावीचा अभ्यास करावा की हे? आक्षेप रास्त आहे. मी नवा विषय किंवा नवी परीक्षा मागत नाही. वर्षातले आठ रविवार पुरेत. पहिले दोन बिटांचे गणित, पुढचे तीन कागदावर वाटणीचा सराव, आणि उरलेले तीन आपल्याच शाळेच्या नेटवर्कचा नकाशा काढण्यासाठी. कोणत्या खोलीत किती यंत्रे, पुढील पाच वर्षांत किती वाढतील, मग किती बिटे लागतील, हे मुलांनी स्वतः मोजावे. चाळीस यंत्रांना ६४ चा तुकडा का, आणि सत्तर यंत्रांना तो का पुरणार नाही, हे त्यांनी सांगावे. तो नकाशा ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर संगणक कक्षात लावावा आणि पत्त्यांची एक नोंदवही ठेवावी. ही नोंदवही मोठमोठ्या कार्यालयांतही मला क्वचितच सापडते.

या व्यवसायात असलेले आपले माजी विद्यार्थी व विद्यार्थिनी पुण्यात, मुंबईत, नागपुरात आणि परदेशातही आहेत. देणगीच्या पावतीबरोबर त्यांनी वर्षातला एक रविवार शाळेला द्यावा, अशी माझी विनंती आहे. व्यवस्थापनाने येत्या सत्रात तारखा ठरवाव्यात; पहिल्या दोन रविवारी फळ्यापाशी उभे राहण्याची तयारी मी येथेच नोंदवितो. येताना माझी जुनी पेटी आणीन. तिच्यावरचे दोन आकडे अजून पुसलेले नाहीत.